दवाखाना दोन तासांवर असताना

कुत्रा आजारी पडला की आधी जागा बदलतो. रोज ओटीच्या पायरीवर आडवा पडून येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकणारा मोत्या एके सकाळी तिथे नसतो. तो सापडतो न्हाणीमागे, सांडपाण्यानं गार झालेल्या मातीत, नाहीतर मांगरात गवताच्या आडोशाला, कधी विझलेल्या चुलीच्या राखेत. हाक मारली तर शेपटीचं टोक हलतं, डोळे वर होतात, पण अंग उठत नाही. पेजेचं भांडं समोर ठेवलं तर तोंड फिरवतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "गवात खातलो नि बरो होतलो." बऱ्याचदा तसं होतंही. त्यामुळेच या वाक्यावर आपला फार विश्वास बसलाय, आणि ज्या दिवशी ते खोटं ठरतं त्या दिवशी हातातून वेळ निघून गेलेली असते.

शहरात "संध्याकाळपर्यंत बघू" म्हटलं तरी निभावतं, संध्याकाळी कुत्र्याला घेऊन चालत जाता येतं. किनारपट्टीवरचं गणित वेगळं आहे. तालुक्याच्या गावी जनावरांचा सरकारी दवाखाना असतो. तिथले डॉक्टर गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या, कुत्रे सगळं बघतात आणि अनेकदा वाड्यांवर फिरतीलाही जातात. रक्ताची पूर्ण तपासणी, सोनोग्राफी, पोटाचं ऑपरेशन म्हटलं की सिंधुदुर्गातून गोवा किंवा कोल्हापूर, रत्नागिरीतून आंबा घाट चढून कोल्हापूर, रायगडातून पनवेल नाहीतर थेट परळचं बैलघोडा हॉस्पिटल. पावसाळ्यात घाटात दरड आली तर तीही वाट बंद. म्हणून इथे प्रश्न असा विचारावा: या दुखण्याला किती तास आहेत, आणि त्यातले किती रस्ता खाणार? जे दुखणं सहा तास थांबू शकतं ते देवगडच्या एखाद्या आडवाडीत दोनच तासांचं उरतं. बाकीचे चार गाडी मिळण्यात आणि घाटात जातात.

हे तास ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. शांतपणे पाच मिनिटं बघावं लागतं. सुरुवात हिरडीपासून करा. वरचा ओठ हलकेच उचला. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटानं दाबून सोडली की पांढरा ठिपका उमटतो आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. त्याहून जास्त वेळ लागला तर रक्ताभिसरण मंदावलंय. हिरडी पांढरट असेल तर रक्त कमी झालंय, बाहेर वाहून किंवा पोटात साचून किंवा गोचीडतापानं. निळसर असेल तर श्वास पुरत नाही. पिवळी म्हणजे कावीळ. विटेसारखी लालभडक म्हणजे उष्माघात किंवा अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग. आपल्याकडच्या कितीतरी गावठी कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. तिथे खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. कुत्रा ठणठणीत असताना हे एकदा बघून ठेवलं नसेल तर आजारपणात फरक कळत नाही. आजच ओठ उचलून बघा.

मग ताप. नाक कोरडं आहे की ओलं यावरून ताप ठरवायची सवय सोडून द्यावी. उन्हात पडलेल्या निरोगी कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. मेडिकलमध्ये मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, त्याच्यावर कुत्र्याचं नाव लिहून ठेवा, टोकाला खोबरेल तेल लावा आणि शेपटी वर धरून गुदद्वारात इंचभर सरकवा. दुसऱ्या माणसानं डोकं कुशीत धरावं. 101 ते 102.5 फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान. माणसाला जो ताप वाटेल तो त्याचा निरोगीपणा असतो. 103 च्या वर ताप आहे असं समजा, 104 ला त्याच दिवशी डॉक्टर, 106 ला लगेच. खालच्या बाजूलाही तेवढंच लक्ष हवं. मलूल कुत्र्याचं तापमान 99 च्या खाली उतरलं असेल तर ती 104 पेक्षा वाईट खूण आहे.

श्वास झोपेत मोजायचा. बरगडी वर-खाली झाली की एक. पंधरा सेकंदांचे मोजून चारानं गुणा. गाढ झोपेत मिनिटाला तीसच्या आत असावा. वारंवार त्याहून जास्त भरत असेल, किंवा कुत्रा आडवा न पडता मान ताणून, पुढचे पाय फाकवून बसत असेल, तर छातीत काहीतरी बिघडलंय. शेवटी मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडा. लगेच बसली तर ठीक. तंबूसारखी उभी राहिली तर अंगातलं पाणी कमी झालंय. म्हाताऱ्या किंवा फार वाळलेल्या कुत्र्यात ही खूण फसवते, तिथे हिरडी चिकट लागते का ते बघा.

हे सगळं जागेवर असेल आणि कुत्रा नुसता एकदा ओकला असेल, एकदा पातळ झाला असेल पण खेळतोय, पाणी पितोय, तर थांबायला हरकत नाही. मोठ्या कुत्र्याला बारा तास उपाशी ठेवा, पाणी थोडं थोडं द्या, मग मऊ भाताची पेज. मासळीचं कालवण घातलेली नाही, साधी. मात्र थांबायची वेळ आधीच ठरवायची. "उद्या सकाळपर्यंत" असं ठरलं असेल तर उद्या सकाळी गाडी काढायची, आणखी एक दिवस बघायचा नाही. पिल्लाला ही सवलत मुळीच नाही. दीड ते सहा महिन्यांचं, लस न झालेलं पिल्लू ओकायला लागलं, खाणं सोडलं आणि जुलाबाला रक्ताची, सडकी, एकदा आली की ओळखू येणारी दुर्गंधी असेल तर तो पार्व्हो विषाणूचा आजार धरून चालायचं. तो आतड्याचं अस्तर सोलून काढतो आणि पिल्लू पाण्यावाचून जातं. सलाइन सकाळी लागलं की संध्याकाळी, यावर त्याचा जीव ठरतो. विषाणू अंगणातल्या मातीत कित्येक महिने टिकतो, त्यामुळे त्याच खळ्यात लगेच दुसरं पिल्लू आणू नये.

मे महिन्यातलं एक दुखणं आपल्याकडे हमखास दिसतं आणि हमखास उशिरा कळतं. आंब्याचे दिवस, अंगणात कोयींचा ढीग, कुत्रा गोडाच्या ओढीनं कोय चाटता चाटता गिळून टाकतो. कोय पोटात बरेच दिवस गप्प बसू शकते. ती पुढे सरकून आतड्यात अडकली की कुत्रा आधी अन्न ओकतो, मग नुसतं पाणीही ओकतो, शी थांबते, पोटाला हात लावला की कण्हतो, कधी पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर धरून उभा राहतो. तोवर आंब्याची आठवण कुणाला नसते, घरात चर्चा असते ती "पित्त झालं" याची. प्यायलेलं पाणीसुद्धा उलटत असेल तर घरचे उपाय संपले. एक्स-रेमध्ये कोय नीट दिसेलच असं नाही, सोनोग्राफी लागते आणि बहुधा ऑपरेशन. अडकलेल्या जागी आतडं काळं पडून फुटण्याआधी तिथे पोचायचं असतं. डॉक्टरांना आपणहून सांगा: घरात आंबे आहेत. त्या एका वाक्यानं निम्मं निदान होतं.

याच दिवसांत उष्माघात होतो. कुत्र्याला घाम जवळपास येत नाही, तो धापेतून ओल उडवून गार होतो, आणि समुद्राकाठच्या दमट हवेत ती ओल उडतच नाही. म्हणून देशावरच्या 40 अंशांपेक्षा इथले 35 अंश लॅब्राडोरला जड जातात, आणि चपट्या नाकाच्या पगला तर फारच. धाप थांबत नाही, लाळ चिकट होते, हिरड्या लाल होतात, पाय लडखडतात. विहिरीचं साधं पाणी अंगावर ओता, पोटाखाली आणि जांघेत, वर पंखा लावा. बर्फ नको. ताप 103 वर आला की पाणी थांबवा आणि कुत्रा उठून उभा राहिला तरी डॉक्टरांकडे न्या. मूत्रपिंडाचं आणि रक्त गोठण्याचं नुकसान पुढच्या एक-दोन दिवसांत वर येतं.

पाऊस पडला की साप. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर, कातळावर आणि गडग्यांच्या दगडांत फुरसं भरपूर. कुत्रा दगडाखाली नाक खुपसतो, म्हणून चावा बहुतेक वेळा नाकाडावर किंवा पुढच्या पंजावर असतो. केसांमुळे दातांच्या खुणा दिसत नाहीत. दिसते ती सूज, भराभर चढणारी, आणि थेंब थेंब न थांबणारं रक्त. फुरसं आणि घोणस दोन्ही रक्ताची गोठण्याची शक्ती मारतात. लघवीत, हिरड्यांतून रक्त यायला लागतं. नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर जातं. पापण्या लोंबतात, लाळ गळते, मागचे पाय लुळे पडतात. मण्यारीच्या दंशाला तर सूजही नसते आणि लक्षणं काही तासांनी दिसतात, त्यामुळे रात्री किंकाळून उठलेला कुत्रा थोड्या वेळानं शांत झाला तर सुटलो असं मानू नका.

आवळून बांधणं, चिरा देणं, चुना, पाला, मंत्र यांत जो वेळ जातो तोच जीव घेतो. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. त्याला लागणारी लस माणसांचीच, म्हणजे नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांवरची एकत्रित प्रतिसर्पविष लस. ती घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. ती शिरेतून द्यायची असते, आणि मात्रा विषावर ठरते, कुत्र्याच्या वजनावर नाही. आठ किलोच्या कुत्र्याला चार कुप्या कशाला, असा हिशेब करू नये. सह्याद्रीच्या पायथ्याला दिसणाऱ्या हिरव्या चापड्यावर ही लस लागू पडत नाही, पण तो साप कोणता हे दुरून ठरवण्यापेक्षा दवाखाना गाठणं बरं. निघायच्या आधी फोन करून लस आहे का ते विचारा. नसलेल्या दवाखान्यात पोचून परत फिरणं इथल्या रस्त्यांवर परवडत नाही.

सापापेक्षा जास्त कुत्रे हळू जातात, गोचीडतापानं. चार दिवस मंद ताप, खाणं अर्धं, पायऱ्या चढताना दम. पोटाच्या बिनकेसाळ कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आले, नाकातून रक्त आलं, किंवा लघवी कोकमाच्या आगळासारखी लाल-काळी झाली तर त्याच दिवशी रक्त तपासायला हवं. गोचीड एकाहून अधिक जातींचे जंतू सोडतो आणि त्यांची औषधं वेगवेगळी, म्हणून शेजारच्या कुत्र्याच्या उरलेल्या गोळ्या देऊन भागत नाही. एर्लिकिया या गोचीडतापाच्या जंतूवरची गोळी साधारण 28 दिवस द्यावी लागते. पाचव्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो, आपण गोळी बंद करतो आणि आजार दोन महिन्यांनी जास्त बळ घेऊन येतो.

भातशेतीच्या दिवसांत ताप, उलटी, पिवळे डोळे आणि कमी होत गेलेली लघवी हे चारही जुळले तर लेप्टोचा विचार करा. कोकणात हा आजार माणसांमुळे सगळ्यांना माहीत आहे. कुत्र्यालाही तो त्याच उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून होतो, आणि त्याच्या लघवीतून घरच्यांना होऊ शकतो. उघड्या हातानं जागा पुसू नका.

जखमेचं पावसाळ्यात वेगळंच. माशी बसली की दिवसभरात अळ्या पडतात. कानामागे, शेपटीच्या बुडाला, पंजाच्या बेचक्यात बोटाएवढं भोक दिसतं आणि आत मूठभर पोकळी असते. आंबूस-कुजका वास आणि कुत्रा अंधारात जाऊन सारखा एकाच जागी चाटतोय, एवढ्यावरून ओळखावं. रॉकेल आणि फिनेल ओतू नका. ते मांस जाळतं, कातडीतून आणि चाटण्यातून पोटात जातं. भोवतालचे केस कापा, जखम मीठ-पाण्यानं धुवा आणि न्या. डोळ्याजवळ, कानात किंवा गुदद्वारापाशी अळ्या असतील तर एक रात्रही थांबू नका.

रानडुकराच्या सुळ्याची जखम अशीच फसवी. बाहेर रुपयाएवढी चीर, आत स्नायूपासून सुटलेली कातडी, कधी थेट पोटापर्यंत. वाहतं रक्त स्वच्छ फडक्यानं दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. हळद, कॉफी, चुना नको, डॉक्टरांना तेच आधी खरवडून काढावं लागतं. आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड चहाचा चमचा मीठ घालून त्यात भिजवलेलं फडकं झाका आणि निघा. फासकीची, म्हणजे शिकारीच्या फासाची, तार कमरेला रुतून तुटली असेल तर कुत्रा बरा दिसला तरी तारेखालचं मांस मेलेलं असू शकतं.

किनाऱ्यावर रापण ओढल्यावर नको ते मासे वाळूत पडतात. त्यातला फुगणारा केंड मासा कुत्र्यानं खाल्ला तर थोड्याच वेळात पाय लटपटतात आणि श्वास अडतो. त्यावर उतारा नाही, फक्त श्वास चालू ठेवण्याचे प्रयत्न असतात. शिंगाळ्याचा काटा पंजात मोडला तर सूज आणि कळ जबर. गळ ओठात रुतला असेल तर उलटा ओढू नका, आकड्याची नांगी मांस फाडते. आणि तोंडातून किंवा मागून तंगूसाचा, म्हणजे गळाचा नायलॉनचा, दोरा लोंबताना दिसला तर तो कधीच ओढायचा नाही, दुसरं टोक आतड्यात अडकलेलं असतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांआधी. कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आणि घरातलं कुणीतरी "घशात काटा अडकला" म्हणत बाही वर सरसावतंय. मासे खाणाऱ्या घरात हे पटकन पटतं. काटा अडकलेला कुत्रा बहुधा पंज्यानं तोंड खाजवतो, बेचैन होतो. जबडा पडलेला, आवाज बदललेला, मागच्या पायांत लटपटणारा, विचित्र शांत झालेला कुत्रा पिसाळलेला असू शकतो. पिसाळणं म्हणजे दर वेळी धावून चावणं नव्हे. फरक सांगता येत नसेल तर तोंडात हात घालू नका, त्याला खोलीत बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा. लाळ जखमेला लागली असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. लक्षणं दिसू लागल्यावर या आजारातून कुत्रा वाचत नाही, आणि माणूसही जवळजवळ नाहीच.

कुत्रीच्या बाबतीत आपण फार कमी बघतो. माज होऊन एक-दोन महिने झालेत, ती पाणी फार पितेय, मलूल आहे, योनीतून पू येतोय किंवा नुसतंच पोट फुगलंय, तर गर्भाशयात पू साचलेला असतो आणि ऑपरेशन त्याच दिवशी हवं. विताना जोराच्या कळा अर्धा तास देऊनही पिल्लू बाहेर नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव, तर गाडी बोलवा. व्यायल्यानंतर दोन-चार आठवड्यांनी दूध पाजणारी कुत्री थरथरायला, ताठ व्हायला लागली तर कॅल्शियम उतरलंय. पिल्लं बाजूला काढा आणि निघा.

आकडी आली तर कांदा, चप्पल, चमचा काही तोंडाजवळ नेऊ नका. आजूबाजूचे दगड-भांडी सरकवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा दिवसात दोनदा आली तर वाट बघायची नाही. पोट ढोलासारखं फुगून कोरडे उमाळे येत असतील, किंवा कुत्रा वारंवार पाय वर करूनही मुततच नसेल, तिथेही तेच.

घरातल्या डब्यातली गोळी हा आपल्याकडचा सगळ्यात प्रेमळ अपघात. पॅरासिटामॉल, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याचं यकृत जातं, जठराला भोकं पडतात, मूत्रपिंड बसतं. माडाच्या आगरात ठेवलेलं उंदराचं औषध पोटात गेलं असेल तर त्यातल्या काहींचा रक्तस्राव तीन ते पाच दिवसांनी सुरू होतो, तोवर कुत्रा हसरा असतो. मिठाचं पाणी पाजून ओकवू नका. वेष्टन खिशात घाला. आंब्याच्या फवारणीचं असेल तर त्याचंही.

निघताना फोन करा. सरकारी फिरत्या पथकासाठी 1962 आहे, पण जवळच्या डॉक्टरांचा नंबर कालनिर्णयाच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात असलेला बरा, कारण अनेक घरांत त्या वेळी फक्त आजी असते आणि मुलगा मुंबईहून फोनवर विचारत असतो. त्यानं "कसा आहे?" विचारण्यापेक्षा ताप किती, हिरडी कसली, शेवटचं कधी मुतला, किती वेळा ओकला, एवढं विचारावं. आकडीचा, लंगडण्याचा व्हिडिओ काढून घ्यावा. हाड मोडलं असेल तर फळीवर किंवा दोघांनी ताणून धरलेल्या गोणपाटावर उचला. दुखऱ्या कुत्र्याचा जीव लावणाऱ्यालाही चावा बसतो, म्हणून ओढणीची पट्टी नाकाडाभोवती गुंडाळून कानामागे गाठ मारा. ओकत असेल किंवा धापत असेल तर बांधू नका. रिक्षात पायाशी ओलं पोतं घाला, मान सरळ राहील असं झोपवा, दर दहा मिनिटांनी ओठ उचलून रंग बघा आणि वेळ लिहून ठेवा. पोचल्यावर डॉक्टर विचारतील: हे कधीपासून?